अंगठाभर आखूड

आमच्या घरात धड म्हणावं असं एकही लाकडी सामान नव्हतं, आणि माझा नवरा कोल्हापुरातला नावाजलेला सुतार. हे ऐकून नवीन माणूस हसायचं. हसू दे. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्याकडे बारा महिने मुक्कामाला असायचा.

कारण आमच्या मालकांचा एक नेम. आकाराम सुताराच्या दुकानातून चुकलेली वस्तू गिऱ्हाइकाकडे जात नाही. पाटाला चीर गेली, एखादा पाय मापात उतरला नाही, तर दुसरे सुतार भुसा आणि सरस कालवून फट बुजवतात, वरून पॉलिश मारतात आणि देतात ठोकून. आमचे हे तसलं करत नाहीत. नवीन लाकूड घेतात, नवीन वस्तू करतात, आणि बिघडलेली संध्याकाळी खांद्यावर टाकून घरी आणतात. दारातूनच म्हणतात, "हे तुला." जशी काय पैठणीच आणली.

ही गोष्ट घडली तेव्हा लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. सव्वीस वर्षांत घर भरलं. घागरी ठेवायची घडवंची होती, तिची मधली खाच मोठी पडलेली, त्यामुळे मधली घागर दोन बोटं खाली बसायची आणि बाकीच्या दोन तिच्याकडे वाकून बघायच्या. पाच खुंट्यांची पट्टी होती, त्यातल्या दोन खुंट्या खाली मान घातलेल्या. त्यांच्यावर टोपी टिकायची, सदरा टिकायचा नाही. पोळपाट गोल नव्हता. बाहेरच्या खोलीतलं बाकडं एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळतं. पाहुणे आले की अंगानं भरलेल्याला मी मुद्दाम रुंद टोकाला बसवायची, आणि कोण कुठे बसला यावरून रुसवेफुगवेही व्हायचे.

तिवईची गोष्ट वेगळी. तीन पायांचं सामान कधी डगमगत नाही, हे सुताराच्या घरात दिल्यावर मला कळलं. एक पाय आखूड झाला तर ते डगमगत नाही, कलतं. आमच्या तिवईचा एक पाय अंगठाभर आखूड होता. तिच्यावर बसून मी वीस-एकवीस वर्षं चुलीपुढे, मग गॅस आल्यावर भाजी निवडायला बसले, आणि बसून बसून मीच डावीकडे कलले. बाकीचे दोन पाय तेवढेच कापले असते तर काम भागलं असतं. मी दहादा सांगितलं. हे दर वेळी "बघू" म्हणायचे.

ती तिवई घरी आली शहात्तर साली. आमच्या मुलाच्या, विश्वजितच्या बाळंतपणात मी अडले होते. दोन दिवस सरकारी दवाखान्यात पडून होते, सासूबाई उशाशी बसलेल्या. हे पहिल्या दिवशी मला पोचवून गेले ते गेलेच. पोर झालं, दोघंही वाचलो, तेव्हा तोंड दाखवायला आले. दहाव्या दिवशी मी बाळाला घेऊन घरी आले तर स्वयंपाकघरात ही नवी तिवई. म्हणजे मी तिकडे मरणाच्या दारात, आणि हे इकडे दुकानात करवत ओढत बसलेले. कुणा गिऱ्हाइकाची घाई असेल, असं मी धरून चालले. विचारलं कधी नाही. विसरलेही नाही.

तर असं सगळं असताना सत्त्याण्णव साली आमच्या गल्लीत दानेश्वरीबाई राहायला आल्या. गडहिंग्लजकडच्या, लिंगायत घरातल्या, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या. चाळिशीच्या, एकट्या, आणि बोलायला एकदम मोकळ्या. चित्र काढायची एक फळी वाकली होती, ती रंधा मारून सरळ करून मिळेल का विचारायला एका सकाळी आमच्याकडे आल्या. मालक दुकानात गेलेले. मी म्हटलं, ठेवा, संध्याकाळी देते त्यांना.

बाई फळी हातात धरूनच उभ्या राहिल्या. आमच्या मागच्या दारातून सकाळचं ऊन थेट घडवंचीवर येतं. बाई तिकडे बघत होत्या.

"अक्का, हे कुणी केलं?"

"आमच्या मालकांनी. बिघडलंय ते."

"कुठं बिघडलंय?"

मी मधली घागर उचलून खाच दाखवली. बाई वाकून बघायला लागल्या आणि हसल्या. "अय्यो, म्हणूनच नजर तिथं जाती होय. मी याचं चित्र काढू का, अक्का? इथंच बसून?"

मी नवऱ्याला विचारल्याशिवाय हो म्हणणारी नव्हे. संध्याकाळी भाकरी वाढताना विषय काढला. "त्या चित्रकलेच्या बाई हायत न्हवं, त्यास्नी तुमच्या सामानाची चित्रं काढायची हायत."

मालकांचा घास हातातच राहिला. असं काही त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. "काढू दे की," ते म्हणाले, "कोण न्हाई म्हणतंय."

इथे माझी चूक झाली. कुठलं सामान ते मी सांगितलं नाही. मला वाटलं कळलं असेल. तीन दिवसांनी हे रागानं म्हणाले, "बाई अजून दुकानात आली न्हाई," तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यांनी दुकानातल्या चांगल्यातल्या चांगल्या खुर्च्या पुसून रस्त्याच्या बाजूला मांडून ठेवल्या होत्या. बाई तर रोज सकाळी शाळेच्या आधी आमच्या स्वयंपाकघरात बसून पोळपाट काढत होत्या.

तेव्हाच सांगायचं, तर मी म्हटलं, "येतील की."

का म्हटलं ते सरळ सांगते. खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून बाईंना दार बंद. आणि मला त्या सकाळी हव्या होत्या. इतक्या वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात येऊन दोन तास गप्प बसणारं आणि माझ्याच वस्तूंकडे टक लावून बघणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं होतं.

बाईंची रीत मोठी गमतीची. आधी कागद ओला करायचा. मग ब्रशाच्या टोकावर इवलासा रंग घेऊन त्या पाण्यात सोडायचा, की तो आपापला पसरत जायचा. पहिलं चित्र बघून मी म्हटलं, "बाई, हितं रंग लावायचा ऱ्हायला." घागरीच्या काठावर कागद तसाच पांढरा सोडला होता.

"तो उजेड आहे, अक्का," बाई म्हणाल्या. "पाण्याच्या रंगात उजेड लावता येत नाही. सोडावा लागतो."

मी बघत राहिले. घडवंचीच्या पायाशी पाणी सांडून सांडून काळा डाग पडलेला, तो होता. लाकडाची धार माझ्या हातानं झिजलेली, ती होती. मधली घागर दोन बोटं खाली बसली होती आणि बाजूच्या दोघी तिच्याकडे वाकल्या होत्या, अगदी तीन जावा एकमेकींच्या कानाला लागतात तशा. मी रोज तीनदा तिथून पाणी घेते आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. मला रडू आलं, आणि रडण्यासारखं तिथे काही नव्हतं म्हणून हसूही आलं. एवढी देखणी वस्तू माझ्या घरात होती आणि मी तिला बिघडलेली म्हणून पाहुण्यांपासून लपवत होते.

त्यानंतर मी घरात वेगळीच वागायला लागले. खुंट्यांच्या पट्टीवर सकाळी सावल्या पडतात त्या बघायला थांबायची, मग दूध उतू जायचं. बाईंनी पट्टी काढली, बाकडं काढलं, पाट काढले. तिवई सगळ्यात शेवटी काढायला घेतली. तिच्यापाशी मात्र बाई फार अडल्या. चार कागद फाडले. पाचवा मला न दाखवताच घरी घेऊन गेल्या.

इकडे दुकानात खुर्च्या पुसणं चालूच होतं. बाई रोज रस्त्यावरून शाळेत जायच्या, हे रंधा थांबवून उभे राहायचे. एकदा मला म्हणाले, "रस्त्यावरनं नुसतं बघून ध्यानात ठेवती वाटतं. हुशार बाई हाय." मी मान डोलावली. उचलली जीभ लावली टाळ्याला असं माझं नसतं, पण त्या दिवसांत गप्प बसून मी जेवढं खोटं बोलले तेवढं तोंडानं जन्मात बोलले नाही.

दिवाळीनंतर प्रदर्शन ठरलं. दसरा चौकातल्या कलादालनात, चार दिवस. बाईंनी छापील पत्रिका आणून दिली. वर लिहिलेलं : घरचं लाकूड, जलरंगातली चित्रं. आणि खाली, वेगळ्या ओळीत : सामान घडवणारे कारागीर, आकाराम सुतार.

ती पत्रिका यांनी टिंबर मार्केटात प्रत्येक दुकानात नेऊन दाखवली. उद्घाटनाच्या दिवशी कडक इस्त्रीचं धोतर, भगवा फेटा आणि बरोबर आठ सुतार. सगळ्यांत पुढे पिराजी मिस्त्री. पिराजींनी आणि यांनी एकाच उस्तादाच्या हाताखाली काम शिकलेलं, तेव्हापासून दोघांची चढाओढ आणि दोस्ती दोन्ही चालू. मी मागून चालत होते.

आत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर बाकडं होतं. हातभर मोठं चित्र, काचेत बसवलेलं. रुंद टोकावर ऊन, निमुळत्या टोकावर सावली.

पिराजी मिस्त्री पुढे झाले, मान तिरकी करून बघितलं. त्यांचा आवाज मुळात मोठा. "आकाराम, हे बाकडं हिकडं निमुळतं हाय की. कागद वाकडा लावलाय का बाकडंच तसं हाय?"

बाकीचे हसले. वाईट मनानं हसले नाहीत, पण हसले. मग एकेक जण पुढे सरकला. सुताराची नजर ती, चित्रातसुद्धा माप घेते. "ही खाच बघ, मोठी पडलीया." "खुंट्या खाली गेल्यात." "पाटाला चीर हाय." शेजारी शहरातली शिकलीसवरलेली माणसं उभी होती, ती म्हणत होती, किती साधं, किती सुंदर. आमच्या माणसाला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. पंचवीस वर्षं जे धंद्यातल्या कुणाला दिसू दिलं नाही ते काचेत घालून टांगलेलं, आणि प्रत्येकाखाली स्वतःचं नाव. कान लाल झाले होते. हॉलच्या दुसऱ्या टोकाची चित्रं बघायला ते थांबलेच नाहीत. बाई हार घेऊन पुढे आल्या, तर हे हळूच म्हणाले, "बाई, दुकानात खुर्च्या मांडून ठेवल्यावत्या तुमच्यासाठी. सहा महिने."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

तसेच घरी आलो. उंबऱ्याच्या आत आल्यावर फेटा काढून खुंटीला लावला, तो घसरला, तसाच खाली पडू दिला.

"तुला ठावं हुतं."

"व्हय."

"झाकली मूठ हुती माझी. तू ती दसरा चौकात नेऊन उघडलीस."

मी म्हटलं, "चित्रं चांगली आल्यात की वो."

"चित्रं चांगली आल्यात, म्हणूनच माप दिसतंय त्यात," ते म्हणाले. "उद्यापास्नं एकेक बंबात. चुकलेलं घरात ठेवलं हीच चूक झाली."

आमच्या न्हाणीत तांब्याचा बंब आहे, आंघोळीचं पाणी तापवायचा. खाली लाकूड घालायचं. दुसऱ्या दिवशी पहाट सरायच्या आत कुऱ्हाडीचा आवाज आला. बाकडं गेलं. पाणी कढत तापलं, पण मी त्या पाण्यानं आंघोळ केली नाही. आदल्या दिवसाचं गार पाणी अंगावर घेतलं, नोव्हेंबर महिन्यात, आणि ते त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हुडहुडले. त्यांनी लक्ष दिलं नाही. तेही सुतार, मीही सुताराची बायको. दोन्ही लाकडं सारखीच टणक.

तिसऱ्या दिवशी त्यांनी तिवईला हात घातला, आणि मी आधीच तिच्यावर जाऊन बसले.

"ऊठ."

"उठत न्हाई."

"स्वयंपाक करायचा न्हाई व्हय?"

"हितं बसून जेवढा होतोय तेवढा करीन."

खरंच बसून राहिले. लसूण सोलला, कांदा चिरला, तांदूळ निवडले. घडवंची आणि पाट ओढून जवळ घेतले. शेजारची बायडाबाई साखर मागायला आली, तिला सगळं सांगितलं, ती साखर न नेता चहा करून घेऊन आली आणि दारात फतकल मारून बसली. तिच्या मागून आणखी दोघी आल्या. मालक कुऱ्हाड घेऊन अंगणात येरझारा घालत होते. बायकांच्या देखत बायकोला उठवायची म्हणजे त्यांचीच पंचाईत.

शेवटी ते दाराशी येऊन म्हणाले, "सोन्याची हाय का ती? असलं कलतं लाकूड. नवीन करून देतो, गुण्यात बसलेली, अगदी सरळ."

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, बायडाबाई बसली आहे याचंही भान राहिलं नाही. "मला नवीन नको. पोराच्या वेळेला मी तिकडं मरत हुते आणि तुमी हितं ही तिवई करत बसलासा. एकदा डोकावला न्हाईसा. मला त्या बाळंतपणात तुमच्याकडनं एवढंच मिळालंय. हे न्हाई मी जाळू देणार."

मालक माझ्याकडे बघत उभे राहिले. कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि पायात चपला सरकवून निघून गेले. जेवायला आले नाहीत. दुकानात असतील म्हणून डबा पाठवला, तो तसाच परत आला. दुकानाला कुलूप.

दुपार टळता टळता दानेश्वरीबाई धापा टाकत आल्या. "अक्का, चला लवकर. सुतारमामा हॉलमध्ये आलेत. माझ्याशी भांडायला लागलेत."

"कशाबद्दल?"

"ते तुम्हीच येऊन ऐका. मला काय सुधरंना झालंय."

बायडाबाईला तिवईवर बसवून मी निघाले. रिक्षात माझ्या मनात एकच. काचा फोडल्या नसल्या म्हणजे मिळवलं. बाईंनी सहा महिने घातले होते त्यात.

हॉलच्या दारातूनच आवाज ऐकू आला. आमचे हे शेवटच्या भिंतीपाशी उभे होते, अंगावर घरचाच सदरा, डोक्याला काही नाही. जवळ पिराजी मिस्त्री. त्यांना यांनीच बोलावून आणलं होतं असं मागून कळलं. समोर तिवईचं चित्र. मी ते आजवर बघितलेलं नव्हतं. स्वयंपाकघराची फरशी, पलीकडे दाराची उन्हाची पट्टी, आणि मधोमध तिवई, ताठ, समोर ठेवलेल्या ताटासारखी सपाट.

"बाई, खोटं काढलंय तुमी," बाई पुढे गेल्याबरोबर आमचे मालक परत म्हणाले. "आमची तिवई अशी न्हाई."

बाईंचा चेहरा पडला. "मामा, खरं सांगू का? चारदा आहे तशी काढली. कलती तिवई कागदावर आली की वाटतं, काढणारीलाच काढता येत नाही. लोक म्हणाले असते, ही कसली मुलींना शिकवती. म्हणून पाचव्या वेळी पाय सरळ केला. माझंही नाव आहे ना मामा, शाळेत."

पिराजी मिस्त्री म्हणाले, "मग बरं केलं की तिनं. परवा चुका दिसल्या म्हणून चिडलास, आज दिसत न्हाईत म्हणून चिडतोस. तुझं काय खरं न्हाई, आकाराम."

"परवाचं सोड. ह्यो पाय अंगठाभर आखूड हाय. तसाच पायजे."

"अरं, मग दुसरं दोन कापून टाकायचं हुतंस. पाव तासाचं काम. एवढी वर्षं कलती कशाला ठेवलीस घरात?"

मी दाराशीच थांबले. पुढे जायचं धाडस झालं नाही. यांची माझ्याकडे पाठ होती.

"पोराच्या वेळेला ही अडली हुती," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाला, दोघांतलं एक वाचंल, दोघंबी जातील, काय सांगता येत न्हाई. मला तितं उभं ऱ्हावंना. आई म्हणाली, तू जा, तुझं तोंड बघून ती आनि घाबरंल. मग जाणार कुठं? दुकानात आलतो. हाताला काम पायजे म्हणून तिवई घेतली. तिवई म्हंजे काय, झोपेत करीन मी. तीनदा माप टाकलं पिराजी, आनि तीनदा चुकलं. पेन्शिलीची रेघच दिसत न्हवती डोळ्यास्नी. कापला, आखूड झाला. तसाच रडत बसलो त्या पायाला धरून, सांजपतोर."

पिराजी मिस्त्री, एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, खिशातून रुमाल काढून उगीच चष्मा पुसत राहिला.

"मागनं वाटायचं, कापावं दोन पाय, सरळ करावी," हे म्हणाले. "पर करवत घेतली की हात उठायचा न्हाई. ते माप चुकलेलं न्हाई, पिराजी. त्या दिवसाचं तेवढंच माप हुतं."

मग बाईंची नजर माझ्याकडे गेली, म्हणून यांनीही वळून बघितलं. मी भर हॉलमध्ये तोंडाला पदर लावून उभी. एकवीस वर्षं मी या माणसावर मनातल्या मनात रागावले होते, भाजी निवडताना, तांदूळ पाखडताना, आणि ते सगळं त्याच्या रडण्यावर बसून. मला स्वतःची इतकी लाज वाटली आणि त्याच दमात इतका आनंद झाला, की कुठलं आधी करू ते कळेना. म्हणून मी भांडले.

"मग तवाच का न्हाई सांगितलासा? एवढी वर्षं?"

आमच्या मालकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच अडाण्यासारखं विचारलं होतं.

"सांगितलं न्हाई कसं?" ते म्हणाले. "घरी आणून दिली न्हवं तिवई."

बाईंनी चित्र भिंतीवरून उतरवलं. पाण्याच्या रंगात लावलेलं पुसता येत नाही, म्हणाल्या, नवीनच काढावं लागेल. उद्या सकाळी येते, जशी आहे तशी काढते, माझं नाव जातंय तर जाऊ दे. मालक म्हणाले, नाव कुठं जात नसतंय, आणि कुणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा. पिराजी मिस्त्री परत पहिल्या भिंतीपासून एकेक चित्र बघत निघाले. या वेळी माप न घेता बघत होते. घडवंचीपाशी बराच वेळ थांबले. "आमच्या घरात असलं काय न्हाई," एवढंच म्हणाले.

आम्ही चालतच घरी निघालो. हे चार पावलं पुढे, मी मागे, रोजच्यासारखं. बिंदू चौकापर्यंत आल्यावर माझ्या मनात आलं की मग बाकीच्यांचंही काहीतरी असेल. घडवंचीचं, पोळपाटाचं. आणि बाकड्याचं तर आता भस्म झालेलं. मी झपझप पुढे जाऊन त्यांना गाठलं.

"आवो, आणि ते बाकडं? त्या दिवशी काय झालंवतं?"

त्यांनी चालता चालता जरा विचार केला.

"ते नुसतंच चुकलंवतं," ते म्हणाले.